मधलं नाव

४ फेब्रुवारी

आठ भागांची नवी मालिका आली. म्हणजे लोकांसाठी यायची आहे पुढच्या महिन्यात, माझ्यासाठी आज आली. मालिका दाखवणाऱ्या कंपनीने लिंक पाठवली आणि सोबत नेहमीचा दम: एकट्याने बघा, कोणाला दाखवू नका, चित्रण करू नका. आणि नेहमीसारखं पडद्याच्या बरोबर मधोमध माझं नाव. आधी माझं, मग बाबांचं, मग आडनाव. पांढरट, पुसट अक्षरं. नटीच्या नाकावरून, खुन्याच्या सुरीवरून, प्रेतावरून, सगळ्यावरून आडवी गेलेली. चोरी झाली तर कोणाच्या हातून झाली ते कळावं म्हणून ही सोय. स्वतःच्याच नावाआडून डोकावत सिनेमे बघायचे, हा आमचा धंदा.

आता एकट्याने कुठून बघणार? टीव्ही हॉलमध्ये आणि गुडघ्याच्या ऑपरेशनपासून बाबांचा पलंगही हॉलमध्ये. त्यांना काय गॅलरीत नेऊन ठेवू? एरवी ते माझ्या या खूनखराब्याच्या वेळी भिंतीकडे तोंड करून झोपतात. आज नवीन चष्मा होता, म्हणून उठून बसले.

"मध्ये काय लिहिलंय ते?"

"वाचा की."

त्यांनी वाचलं. एकेक शब्द सुटा, मोठ्याने. आयुष्यभर पाणीखात्यात मीटर वाचत हिंडले, दारोदारची नावं अशीच वाचायचे. "तुझं नाव आहे," म्हणाले. मग जरा थांबून, "आणि मधलं माझं."

"मग! तुमची लेक आहे कोण! कोणाच्या सिनेमावर असतं का असं मधोमध नाव?"

मी आपली चेष्टा केली. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सबंध भाग पापणी न लववता बघितला. मला बरं वाटलं. पेपरातलं परीक्षणाचं सदर मी 'खिडकी' या टोपणनावाने लिहिते, ते त्यांना कधीच पसंत नव्हतं. "नाव का नाही छापत तुझं?" हे एक तुणतुणं वर्षानुवर्षं चालू आहे. संपादकांचं म्हणणं, नाव नसलं की हात मोकळा राहतो. खरंय ते. माझी जीभ अशी आहे की नाव छापलं असतं तर लोकांनी दगड मारले असते.

७ फेब्रुवारी

मालिका संपली. एका बाईच्या घरात कोणीतरी वावरतंय, आणि कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. शेवटी निघतो सख्खा भाऊ. मी दुसऱ्याच भागात ओळखलं होतं. चौकटीतलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही, एवढा एक माज मी बाळगून आहे. टिपण केलं: 'भीती बेगडी. घरातल्या माणसावर संशय न घेणारी बाई दाखवायची म्हणजे प्रेक्षकाला मूर्ख समजणं.'

भाऊ उघडा पडतो त्या प्रसंगाच्या वेळी मी चहा टाकायला उठले. मला माहीत होतंच काय होणार ते. परत आले तर बाबांच्या हातात फोन. दादाने परगावाहून पाठवलेला, आणि ताईंनी, म्हणजे दिवसा बाबांचं बघायला येतात त्यांनी, तो वापरायला शिकवलेला. आता बाबांना कोण हौस! त्यांच्या बागेतल्या बाकावरच्या मंडळींना सकाळ-संध्याकाळ फुलांचे फोटो.

"कोणाशी बोलताय?"

"कोणाशी नाही. असंच."

चहा गार झाला तरी गालातल्या गालात हसत होते.

१९ फेब्रुवारी

कंपनीची मेल. चारदा वाचली तरी अक्षरं डोक्यात शिरेनात. शेवटच्या भागाचा तुकडा बाहेर फुटलाय. भाऊ उघडा पडतो तोच. मालिका यायच्या आधीच खुनी कोण ते हजारो लोकांना कळलं, आणि त्या प्रत्येकाला मधोमध माझं नाव दिसलं. कायदेशीर कारवाईचा हक्क राखून ठेवलाय, आणि तीन मार्चला दुपारी त्यांच्या कार्यालयात खुलासा द्यायला बोलावलंय. तुकडा त्यांनी सगळीकडून काढून टाकलाय. मला फक्त त्यातलं एक स्थिर चित्र पाठवलंय.

ते मी मोठं करकरून बघितलं. किंचित तिरकं आहे. खालच्या कोपऱ्यात काहीतरी तपकिरी, गोलसर. खुर्चीची मूठ? जिन्याचा कठडा? आमच्याकडे तपकिरी खुर्ची नाही, जिना तर नाहीच. कोणीतरी माझ्या लॅपटॉपमध्ये शिरलं आणि आपल्या घरी बसून हे उद्योग केले, दुसरं काही नाही.

संपादकांना फोन केला. "तुझ्याकडे घरात कोण कोण असतं?"

"बाबा. त्यांना अजून रिमोट उलटा-सुलटा कळत नाही. आणि दिवसा ताई."

"ताई कोण?" म्हणाले.

सदर तूर्त बंद. मालिकेत भीतीच्या आधी काहीतरी वाजतं, माणसाला सावध करतं. इथे नुसती मेल येते, आणि त्यानंतर प्रत्येक मेलच्या आवाजाला छातीत धस्स होतं.

२१ फेब्रुवारी

ताईंनी गेल्याच आठवड्यात नवीन फोन घेतला. हे मला आज आठवलं, आणि एकदा आठवल्यावर दुसरं काही सुचेना.

बाबांच्या गुडघ्याला तेल लावत होत्या. मी म्हटलं, "ताई, तुमच्या फोनमधले व्हिडिओ दाखवता का जरा?"

"कशाला?"

मी सगळं सांगितलं. आवाज चढला असेल माझा, नाकारत नाही. हा माझ्या पोटाचा प्रश्न आहे, मला कोर्टात उभं करतील, उद्या कोणी दारात उभं करणार नाही, आणि घरात तिसरं माणूस तुम्हीच.

ताईंनी बाबांकडे बघितलं. बाबा पांघरुणाचा काठ बोटांत घेऊन चुरत होते, मान खाली. त्यांना ताईंचा लळा आहे, वाईट वाटणारच. ताई काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. मग हात पुसत म्हणाल्या, "मी काही केलं नाही. पण ज्याने केलं असेल त्याने वाईट मनाने नसेल केलं."

वा! म्हणजे वकिलीही सुरू! मी म्हटलं, उद्यापासून येऊ नका.

त्यांनी फोन माझ्यापुढे ठेवला. त्यात नातीचे फोटो होते, बाकी काही नाही. पुसलं असेल. जाताना दारातून म्हणाल्या, "डाव्या पायाला जास्त वेळ द्या. आणि त्यांच्यासमोर ओरडू नका, घाबरतात ते."

माझ्या बापाचं मला ही शिकवणार!

२३ फेब्रुवारी

सगळे पासवर्ड बदलले. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. दाराला आतून जास्तीची कडी. समोरच्या फुटपाथवर एक हेल्मेटवाला बराच वेळ आमच्या खिडकीकडे बघत उभा होता, माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी वर आला. कुरियरवाला. मेलमधलाच मजकूर शिक्क्यासकट कागदावर घेऊन. सही मी भलत्याच रकान्यात केली, तर तो म्हणाला, बसा जरा बाई.

बाबा विचारत होते, "काय लिहिलंय त्यात?"

"तेच. माझ्या नावाने फुटलंय, म्हणून मी जबाबदार."

"असं करणाऱ्याला काय करतात गं?"

"आत टाकतात! आणि माझ्या हाती लागू दे तो, आधी मीच सोलून काढते, उरलेला पोलिसांनी न्यावा."

"पण तू तर काही केलं नाहीस."

"बाबा, नाव कोणाचं आहे पडद्यावर? माझं. मग धरणार कोणाला? दुसऱ्या कोणाचं नाव आहे का तिथे?"

ते भिंतीकडे वळून झोपले. जेवलेही नाहीत. माझ्या काळजीने म्हातारं माणूस खंगत चाललंय, आणि त्या चोराला त्याचं काही सोयरसुतक नाही.

२६ फेब्रुवारी

आज नवीनच भीती.

बाबांचा फोन सापडेना. वाजवला तर बंद. सगळं घर पालथं घातलं. शेवटी मिळाला त्यांच्या बाहेर जायच्या बुटात, रुमालात गुंडाळून गाठ मारलेला. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाले, "मला नको तो. दादाला परत पाठव." ज्या फोनशिवाय दोन महिने घास उतरत नव्हता तो! मी हातात घेतला तर चक्क हिसकावून घेतला माझ्याकडून. बाबांनी. माझ्याकडून.

परवा मी हॉलमध्ये आले तर बाबा दचकले. काल तेल लावायला पायाला हात लावला तर पाय आखडून घेतला. जेवण नाही, झोप नाही, स्वतःशी पुटपुटणं. माझ्या आत्याचं असंच सुरू झालं होतं, वस्तू भलत्या जागी ठेवण्यापासून. पुढे तिला आम्ही कोण तेही कळेना. नोकरी गेली तर दुसरी बघता येईल, पण बाबा असे समोर असून हरवले तर मी काय करू?

२८ फेब्रुवारी

डॉक्टरकडे नेलं. आजचा वार, महिना, शंभरातून सात वजा करत जा, सगळं विचारलं. बाबांनी फटाफट सांगितलं. मीटरवाला माणूस, आकड्यांत कुठे हरायला! डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा बरी आहे. मग त्यांना म्हणाले, "आजोबा, कशाची भीती वाटते का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "नाही," म्हणाले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरी काही ताण आहे का. मी म्हटलं, आहे, पण तो माझ्या कामाचा आहे, त्यांचा काही संबंध नाही.

२ मार्च

उद्या जायचं. खुलासा लिहून काढला, फाडला, परत लिहिला. संपादक सकाळी एका वकिलाशी गाठ घालून देणार आहेत. लिहिताना त्या चित्राकडे परत बघितलं. ते तपकिरी, गोलसर काय असेल? कुठेतरी बघितलंय मी ते. पण भीतीने डोळ्यांवर पट्टीच बांधलीये.

बाबा आज जरा बोलते झाले. कंपनीचं कार्यालय कुठे? पुलाजवळची काचेची इमारत का? रिक्षा थेट दारात जाते का? तेच तेच विचारत होते, मी शेवटी खेकसले, "तुम्हाला काय करायचंय?" मग म्हणाले, धुतलेला शर्ट आहे का एखादा. इस्त्री केलेला असला तर बरं. आजारी माणसाच्या मनात कधी काय येईल. दिला काढून.

३ मार्च

आजचं आजच लिहायला हवं.

वकिलाकडून अकराच्या सुमाराला घरी आले. दार सताड उघडं. मी लावलेली ती जास्तीची कडी आतून काढलेली. पलंग रिकामा, पांघरुणाची नीट घडी. काठी नाही, बूट नाहीत. मी हाका मारत न्हाणीघर, गॅलरी, पलंगाखालीसुद्धा बघितलं. पलंगाखाली! ऑपरेशन झालेला पाय, रस्त्यावरची वाहनं, आणि आठवडाभर पोटात अन्न नाही. जिन्यात शेजारच्यांना विचारलं, पानवाल्याला विचारलं, कोणी बघितलं नव्हतं. देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही.

तशीच धावत बागेत गेले. बाकावर त्यांची मंडळी बसलेली. त्यातले निवृत्त हेडमास्तर मला बघून उठूनच उभे राहिले.

"ये ये! अगं, अभिनंदन! पडद्यावर नाव झळकलं तुझं!"

"कुठल्या पडद्यावर?"

"बाबांनी व्हिडिओ पाठवला ना आम्हाला! काय आवाजात सांगितलंय त्यात, 'आमच्या लेकीचं नाव, आणि मधलं माझं.' मी माझ्या शाळेच्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांना पाठवला. म्हटलं, बघा, मीटर वाचणाऱ्याची मुलगी कुठे पोचली. हल्ली आले नाहीत ते, बरे आहेत ना?"

बोलताना त्यांनी काठी बाकाला टेकवली. गोल मुठीची, तपकिरी. तशीच बाबांची आहे, दोघांनी एकाच दुकानातून घेतलेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तिथेच खाली बसले. सोलून काढते म्हणाले होते मी. त्यांच्या तोंडावर म्हणाले होते.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीच्या कार्यालयातून, खालच्या स्वागतकक्षातली मुलगी. "मॅडम, इथे एक आजोबा बसलेत. तुमचं नाव सांगतात. पाणी पण घेत नाहीत."

रिक्षात मी रडत होते की देवाला शिव्या देत होते, कोण जाणे.

काचेच्या त्या भल्यामोठ्या जागेत, एवढ्याशा सोफ्याच्या कडेवर बाबा बसलेले. इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं लावलेली, गळ्याचंसुद्धा. मांडीवर कापडी पिशवी. समोर कंपनीच्या कायदा विभागातली बाई गुडघ्यांवर बसून त्यांच्याशी बोलत होती. मला बघताच बाबा ताडकन उठायला गेले आणि तोल गेला. मी धरलं तर अंग आखडून घेतलं. मी मारणार असल्यासारखं.

"हिने काही केलेलं नाही," ते त्या बाईला सांगत होते, माझ्याकडे न बघता. "नाव हिचं आहे, कबूल. पण मधलं माझं आहे. तुम्ही वाचा, मधलं माझं आहे. धरायचं तर मला धरा."

आणि रुमालाची गाठ सोडून फोन तिच्या हातात दिला.

पिशवी मी घेतली. आत टॉवेल, दात घासायचा ब्रश, गुडघ्याचं तेल, गोळ्या आणि एक जादा सदरा. आत टाकतात, असं मी सांगितलं होतं ना.

मला त्या सगळ्या लोकांसमोर हुंदका फुटला. त्या बाईने दुसरीकडे बघितलं.

८ मार्च

कंपनीचं उत्तर आलं. कारवाई नाही. मी लेखी माफी द्यायची, आणि यापुढे मला आगाऊ काही मिळणार नाही. लोकांसोबत बघायचं आणि लोकांनंतर लिहायचं. संपादक म्हणाले, शिळं तर शिळं, सदर चालू ठेव. चला, पोट वाचलं.

बाबांना सांगितलं, मिटलं सगळं. "बरं झालं," म्हणाले. मी म्हटलं, चुकलं माझं, मी जे बोलले ते तुम्हाला नव्हतं. "नाही नाही, तुझं काय चुकलं," इतकं पटकन म्हणाले की मला ते ऐकवेना. पूर्वी असे नव्हते बोलत. पूर्वी म्हणायचे, जीभ आवर, कारटे.

११ मार्च

ताईंच्या घरी गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, तोंड कसं दाखवायचं कळत नव्हतं. त्यांनी आत बोलावलं, पंखा लावला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हिडिओ कसा पाठवायचा ते माझ्याकडूनच शिकले ना. इतके खूश होते, मला दहादा दाखवला."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"त्यांनी मान हलवली ना, नको म्हणून. तुम्हाला नाही दिसलं?"

नाही दिसलं. चौकटीतलं सगळं दिसणाऱ्या मला. मी हात जोडले. त्या म्हणाल्या, "सोमवारपासून येईन. बाबांसाठी येईन."

१४ मार्च

मालिका आली. आता सगळ्यांची. बाबांना बसवलं, उशा लावल्या. चित्र कसं लख्ख! मध्ये काही नाही. बाबा बराच वेळ पडद्याच्या मधोमध बघत राहिले आणि मग भिंतीकडे वळून झोपले.

मी टिपणातलं ते 'प्रेक्षकाला मूर्ख समजणं' खोडलं. तशी बाई असते. नवीन लिहिलं आणि संपादकांना फोन केला की या वेळी 'खिडकी' नको, माझं नाव टाका. पूर्ण. मधल्या नावासकट. ते म्हणाले, "इतक्या वर्षांनी एकदम हे काय?" मी म्हटलं, टाका म्हणते ना.

१६ मार्च, रविवार

पेपर आल्याआल्या बाबांच्या हातात दिला. "वाचा, काय लिहिलंय वर."

त्यांनी चष्मा लावला. सुरुवात मोठ्याने केली, आणि आपल्या नावापाशी आले तसा आवाज एकदम उतरला. दाराकडे बघितलं.

"हे चालतं ना गं? त्यांना विचारलंयस ना?"

"कोणाला विचारायचंय बाबा? आपलंच नाव आहे."

"नाही, म्हणजे... परत काही..."

"काही होत नाही. तुम्ही जा, बागेत घेऊन जा, दाखवा सगळ्यांना. हेडमास्तरांना दाखवा." मी त्यांचे बूट आणून ठेवले, काठी हातात दिली. शक्य तितक्या हळू आवाजात बोलत होते मी.

ते उठले नाहीत. पेपराची बारीक घडी केली, नाव आत जाईल अशी, आणि उशीखाली सरकवली.

"आज नको," म्हणाले. "उद्या ताई येतील. त्यांना विचारतो आधी."